गुडनाईट पुनपुन वाचून तुमच्यात काय काय वर आलं? (अनुभव धागा)

रातवा
इनिओ असानोचा गुडनाईट पुनपुन परवा संपवला आणि घरात मांगा म्हणजे जपानी कॉमिक वाचणारं कुणीच नाही म्हणून हा धागा काढतेय. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात, जपानात २००७ ते २०१३ क्रमशः आली, १३ भाग, इंग्रजीत ७ जाड खंडांत मिळते. पुनपुन आणि त्याच्या घरचे म्हणजे लहान पोरानं पाटीवर काढावेत तसे चार रेघांचे पक्षी, आणि बाकीचं जग मात्र फोटोइतकं बारीक, विजेच्या तारा, दुकानांच्या पाट्या सगळं. कथेतल्या लोकांना तो साधा मुलगाच दिसतो, पक्षी फक्त आपल्याला दिसतो.

सुरुवातीलाच पुनपुन सकाळी उठतो तर घराची नासधूस झालेली, आई निपचित पडलेली आणि बाप सांगतो, चोर आला होता. तिथे मी पुस्तक मिटलं. आमच्याकडे आई बाथरूममध्ये घसरायची. शेजारच्या काकूंनी विचारलं की ती म्हणायची लादी ओली होती, आणि आम्ही दोघी बहिणीपण तेच सांगायचो, कुणी शिकवलं नव्हतं तरी. त्या पोराला चोर खरा वाटतो का हे असानो कुठे लिहीत नाही, नुसता त्याचा चेहरा काढतो, आणि मला माहितीये की त्या वयात खरं-खोटं असा प्रश्नच नसतो, घर टिकवायचं असतं.
तुमचं लिहा. गोष्ट फुटणार आहे, न वाचलेल्यांनी जपून.

सदाफुली
आमच्या घरात कुणी कुणावर हात उचलला नाही. आई होती. "तुझ्यासाठीच जगतेय" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझं पुण्याला अॅडमिशन झालं तेव्हा तिनं जेवण सोडलं आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं, तिच्याकडे कुणी नाही. मग मी गावातल्याच कॉलेजात गेले. त्यामुळे मला पुनपुनपेक्षा त्याला लहानपणापासून आवडणारी आइको जास्त लागली. तिची आई एका पंथाच्या नादी लागलेली, पोरीला दारोदार फिरवते, आणि मोठी झाल्यावरपण सोडत नाही. लोक विचारतात आइको पळून का गेली नाही. अहो कुठे जाणार, घरातून निघताना आपण कुणाचा तरी जीव घेतोय असं लहानपणापासून अंगात भिनवलंय तिच्या.
पुनपुनच्या आईच्या बाजूनं लिहिलेला भागपण आहे आणि तो फार सुंदर आहे. पण आईची बाजू कळली म्हणून माझं ओझं हलकं नाही झालं, हे मला स्पष्ट लिहायचंय.

बार्शी_लाईट
मी मामाबद्दल लिहितो. कॉमिकमधला युइची हा पुनपुनचा मामा, आईचा धाकटा भाऊ, तिला दवाखान्यात ठेवल्यावर हाच पोराला सांभाळायला येतो. तो स्वतः आतून पार मोडलेला असतो, त्याची गोष्ट पुढे येते ती वाचवत नाही, तरी पोराला जेवायला घालतो.
माझ्यापण घरी मामाच आला होता. वडील पिऊन राडा करायचे, आई माहेरी गेलेली, मी आणि भाऊ दोघंच. मामा रात्रीच्या एसटीनं आला, पायात चपला तशाच, आधी ओट्यावरची खरकटी भांडी घासली आणि मग आम्हाला पिठलं कसं हाटायचं ते दाखवलं, डाळीचं पीठ आधी गार पाण्यात कालवायचं म्हणजे गुठळी होत नाही. वडिलांबद्दल चकार शब्द नाही. मी अजून पिठलं तसंच करतो. मामाचं पुढे काय झालं ते इथे नाही लिहिणार, पण युइचीचा भाग वाचताना मला कळलं की आधार देणारा माणूस सुखी असायलाच पाहिजे असं काही नसतं.

निळी_छत्री
मला रीलवाल्यांचा खरंच राग येतो. पुनपुन आणि आइकोची चित्रं, खाली हळवं गाणं आणि "असं प्रेम पाहिजे". अरे काय पाहिजे? ती दोघं दक्षिण जपानातल्या कागोशिमाला जायचं लहानपणीचं वचन पाळायला निघतात ते आइकोच्या आईचा जीव घेतल्यावर, आणि त्या प्रवासात पुनपुन आइकोवर हात उचलतो. जो मुलगा बापाचा हात बघून थिजला होता तोच. शेवटी आइको स्वतःला संपवते. असानोनं हे इतकं उघड काढलंय आणि तरी लोकांना त्यात रोमान्स दिसतो.
मी अशा नात्यात होते. लोकेशन सतत चालू ठेवायचं, ऑफिसात फोन उचलला नाही की लगेच मैत्रिणीला फोन, आणि भांडण झालं की "तू गेलीस तर मी काहीतरी करून घेईन". मला वाटायचं एवढं प्रेम कोण करतं. बाहेर पडले ते रूममेटमुळे. तिनं त्याच्या मोठ्या भावाला फोन लावून स्पष्ट सांगितलं, तुमचा भाऊ असं बोलतोय, आता तुम्ही बघा. भाऊ त्याच रात्री आला आणि त्याला गावी घेऊन गेला. मला त्या दिवसाआधी कधी सुचलंच नव्हतं की हे दुसऱ्या कुणाला सांगता येतं.

पाऊसवेडा
मला झेपलं नाही. तिसऱ्या खंडात सोडलं, पुढचं वाचणार पण नाही. धागा मात्र सगळा वाचतोय.

समुपदेशक_ताई
निळी_छत्री, तुझ्या रूममेटनं अगदी बरोबर केलं. जीव द्यायची धमकी कुणी दिली तर ती खरीच धरायची, नाटक म्हणून सोडायची नाही, आणि त्याच वेळी त्या माणसाला एकटीनं सांभाळत बसायचं नाही. त्याच्या घरच्यांना, मित्रांना कळवायचं. नात्यात राहणं हा त्यावरचा इलाज नाही. आणि वाचताना कुणाचं जुनं फारच वर आलं तर टेलिमानस १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण चालू असेल तर बायकांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८. सदाफुली, कॉलेज राहिलं तरी वेगळं राहणं अजून होऊ शकतं, त्याला वयाची अट नाही.

सदाफुली
ताई, बघतेय खोली. आईला अजून सांगितलं नाहीये.

एक_बाबा
मुलगी नववीत आहे, तिच्या दप्तरात याचा पहिला खंड मिळाला. मुखपृष्ठावर गोंडस पक्षी बघून मला वाटलं लहान मुलांचं आहे. मग हा धागा वाचला. काढून घेऊ का?

रातवा
बाबा, हे मोठ्यांसाठीच लिहिलेलं आहे, पुढच्या खंडांत लैंगिक अत्याचार, खून, आत्महत्या सगळं येतं, त्यामुळे पुढचे खंड एवढ्यात नकोच. पण हातातला हिसकावू नका. तुम्हीपण वाचा, आणि तिला यात काय आवडलं ते विचारा, कुणी सुचवलं तेपण विचारा. काही सांगायला लागली तर मध्ये न बोलता ऐकून घ्या. आणि जमलं तर काय म्हणाली ते इथे कळवा.