व्यापारी संकुलाच्या परवानगीत पाणी आणि मलनिस्सारणाची अट घालून घेता येते का? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार. पुणे जिल्ह्यातील, काही वर्षांपूर्वी महापालिका हद्दीत आलेल्या एका गावात आमची गृहनिर्माण संस्था आहे. संस्थेमागच्या भूखंडावर सुमारे 38,000 चौरस मीटर बांधकामाचे, कार्यालये आणि दुकाने असलेले संकुल प्रस्तावित असून त्याचे नकाशे बांधकाम विभागाकडे मंजुरीसाठी दाखल झाले आहेत. संकुल होऊच नये अशी आमची भूमिका नाही (आमच्यातल्याच दोघा-तिघांनी तेथे गाळ्यांची चौकशी करून ठेवली आहे, तो भाग वेगळा). त्याला लागणाऱ्या सेवा कोठून येणार, हे मंजुरीपूर्वी ठरावे एवढीच मागणी आहे.

मुख्य अडचण मलनिस्सारणाची. आमच्या रस्त्याखालची आठ इंची वाहिनी ग्रामपंचायतीच्या काळातली आहे. जोराचा पाऊस झाला की कोपऱ्यावरच्या चेंबरचे झाकण उचलले जाते आणि मैलापाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरते. प्रस्तावात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प दाखवला आहे, परंतु पुनर्वापरानंतर उरलेले पाणी याच वाहिनीत सोडले जाणार आहे. पाण्याचेही तसेच. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे कार्यालयात माणशी 10 चौरस मीटर जागा आणि रोज 45 लिटर पाणी धरले, तर ढोबळ हिशेबाने दररोज सुमारे 1,70,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सतरा टँकर लागतील. उपाहारगृहे यात धरलेली नाहीत. विकास आराखड्यातला 24 मीटरचा रस्ता भूसंपादनाअभावी रखडलेला असल्याने हे टँकर सध्याच्या 9 मीटरच्या रस्त्यावरूनच येणार.

बांधकाम 20,000 चौरस मीटरहून अधिक असल्याने 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी आवश्यक आहे; मात्र इमारत प्रकल्पांना त्यात जनसुनावणीतून सूट असल्यामुळे तेथे आम्हाला बोलण्याची संधी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 47 खालील अपीलही अर्जदारालाच करता येते, शेजाऱ्याला नाही. कलम 45 मध्ये अटी घालून परवानगी देण्याची तरतूद आहे, आणि आमची सारी भिस्त तिच्यावर आहे. त्याच कलमात 60 दिवसांत निर्णय न कळवल्यास नियमांत बसणारा प्रस्ताव मंजूर मानण्याचीही तरतूद असल्याने हाती वेळ थोडा आहे.

या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सांगावे, की मलनिस्सारण वाहिनीची क्षमता वाढल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरात आणण्याची परवानगी) देऊ नये अशी अट बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रातच घालून घेता येते का, आणि त्यासाठी निवेदन आयुक्तांना द्यावे की शहर अभियंत्यांना? पाणीपुरवठा विभाग ना हरकत देताना विकसकाकडून टँकरचे हमीपत्र घेतो. ते पाळले न गेल्यास प्रत्यक्षात काही कारवाई होते, की कागद फाइलला लागून राहतो? चटई निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) रस्त्याच्या रुंदीवर ठरत असताना रुंदी जागेवरची धरली जाते की आराखड्यातली, याबद्दल आम्हाला दोन अधिकाऱ्यांनी दोन उत्तरे दिली.

माहिती अधिकारात नकाशे आणि विभागांचे अभिप्राय मागितले असता ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नकार आला. माझ्या वाचनाप्रमाणे कलम 11 त्रयस्थाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकायला सांगते, सरसकट नकाराची मुभा देत नाही. प्रथम अपिलात हा मुद्दा मांडून कोणाला नकाशे मिळाले आहेत का? पर्यावरण मंजुरी निघाल्यास हरित लवादाकडे जाण्याची मुदत 30 दिवसांचीच (कारण पटल्यास आणखी 60) असल्याने कागद आधी हाती येणे गरजेचे आहे. आपल्या भागात असे निवेदन दिले गेले असल्यास त्याचा मसुदा, नावे खोडून, येथे दिलात तर फार मदत होईल.