मुंग्यांना ‘गुलाम’ म्हणावं का?

झेडपीचा मास्तर, बीड
परवा सातवीच्या वर्गात तास संपायला पाच-सात मिनिटं उरली, म्हणून युरोपातल्या पॉलिएर्गस मुंगीची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यातल्या दुपारी या मुंग्या शेकडोंच्या रांगेनं दुसऱ्या जातीच्या वारुळावर चालून जातात आणि तिथले कोष तोंडात धरून घरी आणतात. त्या कोषांतून निघालेल्या मुंग्या मग पळवणाऱ्यांचंच घर राबून चालवतात. पिल्लं सांभाळणं, अन्न आणणं, मालकिणींना भरवणं, सगळं त्यांच्याकडं. मी फळ्यावर लिहिलं, ‘गुलाम करणाऱ्या मुंग्या’.

मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. त्याचे आईबाप दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर जातात, हा आजीजवळ राहतो. म्हणाला, “सर, त्या मुंग्यांनी उचल घेतली व्हती का?”

कुणी हसलं नाही. उचल काय असते हे त्या वर्गात समजावून सांगावं लागत नाही. मी शब्द पुसला. गुलाम म्हटलं की मालक आला, कर्ज आलं, कायदा आला. मुंगीत यातलं काय आहे? अमेरिकेतल्या मुंग्यांच्या अभ्यासक जोन हर्बर्स यांनी २००७ मध्ये हाच आक्षेप घेतला आणि ‘चाचे मुंग्या’ म्हणा असं सुचवलं. आपल्याला समुद्र लांब, आपण ‘दरोडेखोर मुंग्या’ म्हणू. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी ‘गुलाम’ सोडावा, असं मला मनापासून वाटतं.

कीटकवाली, परभणी
सर, पोराचा प्रश्न वाचून गलबलले. तरी तुमचं म्हणणं पटत नाही. दरोडा एका दुपारी संपतो. या मुंग्यांची खरी गोष्ट दरोड्यानंतर सुरू होते, आणि तुमच्या शब्दात तीच गळते.

जिनिव्हाच्या पिएर ह्यूबर या मुंग्यांच्या अभ्यासकानं दोनशे वर्षांपूर्वी ३० पॉलिएर्गस मुंग्या राबणाऱ्यांविना कोंडून ठेवल्या. आवडीचं अन्न पुष्कळ दिलं, त्यांच्याच अळ्या आणि कोष सोबत ठेवले. त्यांना स्वतःला खातासुद्धा येईना, कित्येक उपाशी मेल्या. मग त्यानं राबणाऱ्या जातीची एकच मुंगी आत सोडली. तिनं उरलेल्यांना भरवून वाचवलं, खोल्या बांधल्या, अळ्यांकडं बघितलं. पॉलिएर्गसचे जबडे विळ्यासारखे, लढाईला उत्तम, घरकामाला निरुपयोगी. दुसऱ्याच्या कष्टावर इतकं टेकलेलं जगणं ‘दरोडेखोर’ या शब्दात कसं मावणार?

डार्विनला माणसांच्या गुलामगिरीची मनापासून चीड होती. तरी १८५९ च्या ग्रंथात त्यानं हाच शब्द ठेवला आणि ही सहजप्रवृत्ती किळसवाणी आहे असंही लिहिलं. फॉर्मिका सँग्विनिया या कोष पळवणाऱ्याच दुसऱ्या एका जातीची १४ घरटी त्यानं स्वतः उघडून बघितली, सगळ्यांत थोडे तरी गुलाम सापडले. ही जात स्वतःही काम करते, म्हणजे परावलंबनाच्याही पायऱ्या आहेत. कठोर गोष्टीला कठोर शब्दच हवा.

पालावरचा, कळंब
मास्तर, एका पोराचं दुखणं तुम्ही दुसऱ्या पोराच्या पाठीवर ठेवताय. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून आख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ ला गेला. आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्या पालावर येतात. ‘दरोडेखोर मुंगी, जन्मापासूनच दरोडेखोर’ हे माझ्या लेकरानं वर्गात ऐकायचं का? दुसरा शब्द बघा.

कोरडवाहू, जालना
मी मास्तरांच्या बाजूनं. आमच्या पारावर एकानं मोबाइलवर या मुंग्या दाखवल्या आणि म्हणाला, “बघा, मालक अन् गडी देवानंच केलेत.” शब्दाचा असा उपयोग होतो.

खरं तर मुंग्यांच्या १५ हजारांवर जाती माहीत आहेत आणि हा प्रकार जेमतेम पन्नासेक जातींत, तोही बहुतेक उत्तरेकडच्या थंड मुलखात. माझ्या बांधावरचे डोंगळे आपलं आपण कमावून खातात.

आणि तिथं साखळी नाही, पहारा नाही. कोषातून निघालेली मुंगी पहिला वास घेते तेच तिचं घर. म्हणून तर कोष पळवतात. मोठ्या मुंगीला स्वतःच्या घराचा वास पाठ झालेला असतो, ती अशी नांदणार नाही.

कीटकवाली, परभणी
दादा, पारावरच्या त्या माणसाला पुढचंही दाखवा. अमेरिकेतल्या ओकच्या पोकळ बियांत टेम्नोथोरॅक्स नावाच्या मुंग्यांची इवलीशी घरटी असतात. तिथं पळवून आणलेल्या मुंग्या मालकिणींच्या अळ्या नीट वाढवतात, पण त्यांचे कोष झाले की त्यातले पुष्कळ फाडून टाकतात किंवा बाहेर नेऊन टाकतात. जर्मनीच्या सुझान फोइत्झिक आणि सहकाऱ्यांनी हे २००९ मध्ये मांडलं. राबणारीला यातून काहीच मिळत नाही, तिला स्वतःची पिल्लं नसतात. पण मालकिणी घटल्या की आसपास मोकळ्या राहणाऱ्या तिच्या नात्यातल्यांवर धाडी कमी पडतात. शास्त्रज्ञ याला बंड म्हणतात. गुलाम शब्द काढला तर बंड कुणाविरुद्ध?

सालगड्याची लेक, गंगाखेड
ताई, बंड तुमच्या शास्त्रज्ञांनी म्हटलं, मुंगीनं नाही. माझे वडील २२ वर्षं सालगडी होते. दर पाडव्याला साल ठरायचं, मागची बाकी नव्या सालात चढायची. वाडा आपला नाही हे त्यांना रोज ठाऊक होतं. पहाटे गोठ्यात जाताना ते कधी बोलायचे नाहीत, त्यात सगळं होतं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्यांना अर्पण केलं, तेव्हा हा शब्द आमच्या हाती हत्यार म्हणून आला. तो किड्यांत वाटू नका. मुंगीचं जे आहे ते भयंकर असेल, पण तिला ते ठाऊक नाही.

झेडपीचा मास्तर, बीड
कळंबच्या दादांचं सोळा आणे खरं, ‘दरोडेखोर’ मागं घेतो. चुकलं माझं. ‘कोष पळवणाऱ्या मुंग्या’ असं लिहीन. ताई, त्यांचं पुढचं राबणं आणि ओकच्या बियांतलं सगळं सांगेन, गाळणार नाही. आणि त्या पोराला उत्तर द्यायचं राहिलंय. उचल द्यायला मुकादम निदान दारात येऊन बोलतो. या मुंग्यांना डोळे उघडायच्या आधीच उचललं.

कीटकवाली, परभणी
सर, माझा शब्द मी बदलत नाहीये. पण तास घ्याल तेव्हा कळवा, परभणीहून येते. पोरांना भिंगातून विळ्यासारख्या जबड्याचं चित्र दाखवू, आणि शब्द कोणता ते त्यांनाच विचारू.