उष्माघात कक्ष: निवेदनात पदांसोबत हेही लिहा

‘मंत्रालयात द्यायच्या निवेदनात परिचारिकांची रिक्त पदं एवढाच मुद्दा ठेवा’ असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय, ते मला अर्धंच पटतं. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, आणि उष्माघात कक्ष म्हणजे बऱ्याचदा एक कूलर, दोन खाटा नि दारावरचा फलक.

राज्यपातळीवर मागायचा तो स्थायी आदेश, म्हणजे डॉक्टर जवळ नसले तरी सिस्टरने काय करायचं याची आधीच दिलेली लेखी मुभा. गुदद्वारातलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि रुग्ण बरळतोय किंवा बेशुद्ध आहे, तर डॉक्टरांची वाट न पाहता सिस्टरनेच अंग थंड करायला घ्यावं. बर्फाच्या पाण्याचा टब नसेल तर कपडे काढून पाणी फवारायचं, पंखा जोरात, काखेत-जांघेत बर्फ. अर्ध्या तासात ३९च्या खाली आणायचं आणि तिथे थांबायचं, नाहीतर अंग नको तितकं गार पडतं. पॅरासिटामॉल इथे निरुपयोगी. बेशुद्धाला तोंडाने ओआरएस तर मुळीच नको, ते श्वासनलिकेत जातं. ओल्या काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, म्हणून साहित्याच्या यादीत गुदद्वारातलं तापमान मोजणारा प्रोब पहिला.

बर्फ कुठून, कुठल्या निधीतून, हे मार्चमध्येच ठरवून घ्या. पदांचा मुद्दा इथेच जोडा: पहिला अर्धा तास एका रुग्णापाशी एक सिस्टर अडकते, तेवढ्यात बाकीचा वॉर्ड कोण बघणार?