वय वाढलं, धार नाही गेली

पंक म्हणजे वेगवान, बंडखोर रॉक. अशा बँडमधल्या लोकांची पन्नाशी आली की धार जाते, नंतरचे अल्बम फक्त आठवणींवर विकले जातात, हे मत मला मान्य नाही. डिसेंडेंट्सचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातला हा बँड सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि 1985 च्या त्यांच्या अल्बमचं नावच 'आय डोन्ट वॉन्ट टु ग्रो अप' होतं. 2016 मध्ये, आधीच्या अल्बमनंतर तब्बल 12 वर्षांनी, 'हायपरकॅफियम स्पॅझिनेट' हा अल्बम आला. त्यातलं 'नो फॅट बर्गर' ऐका. ऐंशीच्या दशकात खाण्यावर तुटून पडणारी गाणी करणारी हीच मंडळी इथे आता काय काय खायचं बंद झालंय त्याची यादी ओरडून सांगतात. वेग तोच, गाणं संपतंही चटकन. त्याच अल्बममधलं 'स्माइल' मात्र मला आतून हलवतं. ड्रमर बिल स्टीव्हन्सनच्या मेंदूतली गाठ 2010 मध्ये शस्त्रक्रिया करून काढली होती. त्याच्यासाठी गायक मायलो ऑकरमनने हे लिहिलं. आणि त्यावर ड्रम वाजवतोय तो बिलच! हेडफोन लावून नुसते ड्रम ऐका, एकेक ठोका कसा ठणठणीत पडतो. मायलो स्वतः जीवशास्त्रात पीएच.डी., कित्येक वर्षं संशोधनाची नोकरी केलेला माणूस. आवाज थोडा खरखरीत झालाय, पण मला तो आताच जास्त खरा वाटतो. विशीतला राग पन्नाशीत तसाच्या तसा गायला असता तर खोटा वाटला असता. इथे मित्राच्या जिवाची काळजी आहे, आणि तीही त्याच वेगात.