मदत हवी आहे : सस्पेंडच्या क्षणी हेडफोन लावल्यास ऑडिओ ड्रायव्हर चुकतो

नादखुळा : चार दिवसांपासून अडकलो आहे. आमच्या लिनक्स बोर्डावरचा कोडेक (आवाजाची चिप) सस्पेंड होत असताना, म्हणजे वीज वाचवण्यासाठी झोपी जात असताना, नेमका हेडफोन लावला, तर लॉगमध्ये आय-टू-सीची (चिपशी बोलण्याच्या तारांची) −१२१ ही त्रुटी येते, म्हणजे चिपशी बोलणे फसते. २० मिलिसेकंदांचा विलंब घातल्यावर ती कमी झाली, पण गेली नाही. परवा बोर्ड द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

सह्यकडा : सस्पेंड रनटाइमचा (यंत्रणा चालू असताना फक्त त्या उपकरणाचा) की संपूर्ण यंत्रणेचा, आणि जॅक (हेडफोनची खाच) इंटरप्टवर (हार्डवेअरने इशारा दिल्यावर) तपासता की ठरावीक वेळाने? विलंब मात्र आधी काढा. त्याने रेस (दोन कामे एकाच वेळी चालून होणारा घोळ) मिटत नाही, दडते.

जुनीतार : पॉवर_सेव्ह हे वीजबचतीचे पॅरामीटर शून्य करा. माझ्या लॅपटॉपवर त्यानंतर सुरुवातीचा ‘टक्’ आवाजही बंद झाला.

सह्यकडा : ते पॅरामीटर एचडीएचे (पीसी-लॅपटॉपमधल्या ऑडिओ पद्धतीचे) आहे आणि ‘टक्’ आवाजाबद्दल येथे कोणी विचारलेले नाही. शिवाय बॅटरीवरच्या उपकरणात सस्पेंडच बंद करणे हा उपाय नव्हे.

नादखुळा : रनटाइम सस्पेंड आहे. जॅक दर २०० मिलिसेकंदांनी डिलेड वर्कमधून (ठरावीक वेळाने चालण्यासाठी रांगेत टाकलेल्या कामातून) तपासतो. सस्पेंडमध्ये म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) घेऊन कॅन्सल_डिलेड_वर्क करतो आणि मग रेग्युलेटर (कोडेकचा वीजपुरवठा) बंद करतो.

सह्यकडा : हे आधीच सांगायला हवे होते. ते फंक्शन रांगेतले काम काढते, सुरू झालेल्या कामासाठी थांबत नाही. तुमचे वर्क म्युटेक्ससाठी ताटकळते आणि तो मिळेपर्यंत कोडेकची वीज गेलेली असते. नावापुढे ‘_सिंक’ असलेले फंक्शन वापरा.

नादखुळा : वापरले. आता सगळेच गोठते.

तारयंत्र : वर्कच्या सुरुवातीला पीएम_रनटाइम_गेट_सिंक (उपकरण जागे करून घेणारे फंक्शन) घाला, मी नेहमी तेच करतो.

सह्यकडा : कृपया तसे करू नका. चालू सस्पेंड संपेपर्यंत ते थांबेल आणि सस्पेंड वर्कसाठी थांबलेले असेल, म्हणजे दोघेही अडकतील. आता गोठण्याचे कारणही याच जातीचे आहे : जो म्युटेक्स वर्कला हवा आहे, तोच धरून सस्पेंड वर्कची वाट पाहतो. रद्द करण्याची ओळ म्युटेक्स घेण्याच्या आधी न्या. लॉकडेप (कुलपांचा गुंता शोधणारी कर्नलमधली तपासणी) सुरू असते, तर त्याने हे बहुधा पहिल्याच फेरीत दाखवले असते.

तारयंत्र : माझ्या ड्रायव्हरमध्ये सस्पेंड वर्कसाठी थांबतच नाही, म्हणून मला ती अडचण आली नसावी.

नादखुळा : ओळ वर नेली, विलंब काढला. सकाळपासून सस्पेंडच्या वेळी साठ-सत्तर वेळा हेडफोन लावून-काढून पाहिला, −१२१ एकदाही आली नाही. मनापासून आभार. फक्त सस्पेंडमध्ये असताना लावलेला हेडफोन रिझ्युमनंतरही (कोडेक पुन्हा जागा झाल्यावरही) ओळखला जात नाही.

सह्यकडा : रिझ्युममध्ये वर्क पुन्हा रांगेत टाकता ना? रिझ्युमचे फंक्शन येथे डकवा.