नुसत्या चेहऱ्यावरून मन कळतं का?

रानजाई:
वडिलांच्या तेराव्याला चुलतभाऊ त्यांची आठवण सांगत होता. भर पावसात बंद पडलेली स्कूटर ढकलत घरी आले आणि दारातूनच ओरडले, "पेट्रोल वाचलं गं!" मला रडता रडता हसू फुटलं. कुणीतरी तेवढाच माझा चेहरा कापून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली शेरा, "हिला काही वाटलेलं दिसत नाही." वर्ष झालं, अजून टोचतं.

२०१२ साली अविएझर, ट्रोप आणि टोडोरोव या मानसशास्त्रज्ञांनी टेनिसपटूंचे, महत्त्वाचा गुण जिंकल्या-हरल्याच्या क्षणाचे फोटो लोकांना दाखवले. नुसत्या चेहऱ्यावरून कोण जिंकलं ते सांगता येईना. चेहरा झाकून अंग दाखवलं तर लगेच कळलं. अख्खा फोटो बघणाऱ्यांना मात्र वाटलं, आपण चेहऱ्यावरूनच ओळखलं! माझ्या नातेवाइकांचंही तेच झालं. आजूबाजूचं दिसत नव्हतं, ते त्यांनी मनानेच भरलं.

माजघर:
तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच. पण चेहऱ्याला इतकं मोडीत काढू नका. टेनिसमधले ते क्षण टोकाचे, रोजचे चेहरे तसे नसतात. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांचा बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नव्हता, तरी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी दाखवलेल्या फोटोंतला आनंद, राग, दुःख त्यांना ओळखता आलं. माझ्या चार महिन्यांच्या नातीचं तोंड वाकडं झालं की पोट दुखतंय हे मला कळतंच.

पाटावरवंटा:
नातीने दूध कधी प्यायलं हेही तुम्हाला ठाऊक असतं ना? आणि एकमननी आधी गोष्ट सांगितली होती, मूल वारलंय, फार वाईट वाटतंय, अशी. मग फोटो निवडायला लावला. गोष्ट सांगितली म्हणजे संदर्भ दिलाच की.

माजघर:
दुधाचं खरं आहे. पण उलटंही करून पाहिलं होतं. फोरेंनी करून दाखवलेले चेहरे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना दाखवले. भीती आणि आश्चर्य यांत घोटाळा झाला, बाकीचे बऱ्यापैकी ओळखू आले. चेहऱ्यात काहीच नसतं तर हे जमलं असतं का?

रानजाई:
असतं, मान्य. पण तेवढ्यावर कुणाच्या दुःखाचं माप काढायचं? मूळ फोटो सापडलाय. चुलतभाऊ वाकून हवेतली स्कूटर ढकलतोय, मागे काका उपरण्याने डोळे पुसत हसतायत. आज तो अख्खा ग्रुपवर टाकतेय.