मोठा कॅमेरा ठेवून दिला आणि फोटो काढावेसे वाटायला लागले

रानवारा: माझा मोठा कॅमेरा म्हणजे निकॉन डी७५०, तो आणि २४-७० एफ/२.८ झूम लेन्स मिळून जवळपास १.७ किलो. लग्नाच्या ऑर्डरींना हा सेट उत्तमच, पण घरच्यांसाठी तो बाहेर काढायचा कंटाळा यायचा. मग सेकंडहँड फुजीफिल्म एक्स१००व्ही हा लहान कॅमेरा घेतला. एकच २३ मिमी लेन्स, म्हणजे डी७५०सारख्या मोठ्या सेन्सरच्या (फुल फ्रेम) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्समधून जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. झूम नाही, त्यामुळे आपणच पुढे-मागे व्हायचं. शटर लेन्सच्या आतच असतं (लीफ शटर), त्याचा आवाज जेमतेम येतो. आई मेथी निवडत होती. मोठा कॅमेरा दिसला की ती पदर सारखा करून थांबते. या वेळी देठ खुडत बोलतच राहिली, आणि फोटोत तिची हिरवी झालेली नखंसुद्धा आली. मला वाटतं, हौस गेली असेल तर कॅमेरा बदलून पाहावाच.

तिसरी_गल्ली: अजिबात पटलं नाही. हौस माणसात असते. त्याच डी७५०ला ५० मिमी १.८ ही छोटी लेन्स लावा, वजन एक किलोवर येतं. नव्या वस्तूचं कौतुक चार महिने टिकतं.

रानवारा: प्रश्न फक्त वजनाचा नाही हो. डी७५०च्या क्वाएट (कमी आवाजाच्या) मोडमध्येही आतला आरसा हलल्याचा आवाज येतोच. आणि तो कॅमेरा हातात आला की डोळा कामाला लागतो, अल्बममध्ये कुठला फोटो जाईल तेच शोधत बसतो.

पाणथळ: मी भिगवणला रोहित पक्षी टिपतो. तिथे ३५ मिमीचा काय उपयोग? लांबचं टिपणारी १५०-६०० मिमी लेन्स खांद्यावर घेऊन पहाटे उजनीच्या पाण्यात होडी घालण्यातच माझा आनंद आहे. लहान कॅमेरा हा सगळ्यांवरचा उपाय नव्हे.

रानवारा: पाणथळ, हे मान्य. मी घरच्या आणि रस्त्यावरच्या फोटोंपुरतंच म्हणतोय.

तिसरी_गल्ली: मग त्याला खिशातला फोन पुरे की! प्रो मोडमध्ये रॉ (प्रक्रिया न केलेली फाइल) काढा.

रानवारा: काढून पाहिलंय. फाइल चांगली येते, पण अनलॉक, अ‍ॅप, मोड होईपर्यंत समोरचा क्षण गेलेला असतो, वर मेसेज येतात ते वेगळेच. एक्स१००व्हीवर मात्र कॅमेरा बंद असतानाच अ‍ॅपर्चरची रिंग ५.६वर आणि शटरची डायल १/२५०वर लावून मंडईत शिरतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या काचेच्या खिडकीत, चौकटीबाहेरचंही दिसतं, त्यामुळे हातगाडी आत येण्याआधीच कळतं. फोनच्या स्क्रीनवर ते मिळत नाही.